दगडी माथ्यांच्या मागे: ऐहोळे आणि पट्टदकल एका दिवसात

बनशंकरी ही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची कुलदेवता. कुळाचारासाठी बदामीपर्यंत जाणारी मंडळी देवीचं दर्शन, ओटी, नैवेद्य आटोपतात, बदामीची लेणी धावत बघतात आणि परततात. तिथून पस्तीसेक किलोमीटरच्या टप्प्यात चालुक्यांची दोन मोठी मंदिरगावं आहेत, ती राहून जातात. हा लेख त्या दोन गावांसाठी आहे. मुक्काम बदामीत आणि हाताशी एक पूर्ण दिवस, असं इथे धरलं आहे.

सुरुवातीलाच एक सांगून टाकू. ऐहोळेत शंभराहून अधिक देवळं आहेत. ती सगळी बघायची ठरवलीत तर दुपारी बारापर्यंत प्रत्येक देऊळ सारखंच दिसायला लागतं. डोळे शिणतात, पोरं कुरकुरतात आणि संध्याकाळी फोनमधले फोटो कुठल्या देवळाचे हे सांगता येत नाही. म्हणून दिवसभरासाठी एकच प्रश्न धरा: या कारागिरांनी देवळाच्या माथ्यावर काय बसवलं आणि कसं? छप्पर आणि शिखर यांच्या मागे लागलात की सात-आठ देवळांत दिवस भरतो, आणि ती लक्षातही राहतात.

कधी, कसं, काय घेऊन

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चपासून दगड तापतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी अनवाणी पाय टेकवणं अशक्य होतं, आणि पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरात पूजा चालू असल्यामुळे तिथे चपला काढाव्याच लागतात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर जाड मोजे पिशवीत असू द्या. पावसाळ्यात मलप्रभा नदीच्या पाण्याची चौकशी केल्याशिवाय निघू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये हे पाणी पट्टदकलच्या मंदिरांत शिरलं होतं.

सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर बदामी स्टेशन आहे. ते गावापासून सुमारे पाच किलोमीटरवर असल्यामुळे तिथून रिक्षा करावी लागते. स्वतःची गाडी असेल तर सोलापूर, विजयपूर, बागलकोट असा सरळ रस्ता आहे. बदामी ते पट्टदकल सुमारे २२ किलोमीटर आणि पट्टदकल ते ऐहोळे आणखी १३ किलोमीटर. बस आहेत, पण ऐहोळेहून परतीच्या बसवर विसंबून दिवस आखू नका. अर्धा वेळ थांब्यावर जातो. आदल्या संध्याकाळीच दिवसभरासाठी रिक्षा किंवा गाडी ठरवा. ठरवताना चार नावं स्पष्ट सांगा: ऐहोळे, पट्टदकल, महाकूट आणि शेवटी बदामीचं तळं. महाकूटचं नाव आधी घेतलं नाही तर दुपारी तिथल्या वळणावर हमखास जादा पैशांची बोलणी सुरू होतात.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि एक चांगली बॅटरी हवी. गाभारे आणि अंतराळं (गाभाऱ्यापुढची छोटी दालनं) इतकी अंधारी आहेत की फोनच्या दिव्यावर भागवलंत तर दुपारी तीनलाच फोन मान टाकतो. घरात छोटी दुर्बीण असेल तर जरूर घ्या, शिखराच्या वरच्या थरांचं कोरीवकाम जमिनीवरून नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तिपाई मात्र घरीच ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या आवारात तिला वेगळी परवानगी लागते.

शुक्रवार टाळा. ऐहोळेचं आणि बदामीचं अशी दोन्ही पुरातत्त्व संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. तिकिटं जागोजाग वेगळी आहेत आणि १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाहीत. तिकीटखिडकीपाशी क्यूआर कोड असतो, पण नेटवर्क असेलच असं नाही, तेव्हा सुटे पैसे ठेवा.

आधी ऐहोळे, मग पट्टदकल

रस्ता पट्टदकलवरूनच पुढे जातो, त्यामुळे सकाळी सातला शिखरं डाव्या-उजव्या हाताला दिसली की उतरायचा मोह होतो. उतरू नका. ऐहोळेची देवळं गावभर विखुरलेली, चालणं जास्त, टेकडी चढायची आणि सावली कमी. हे सगळं अकराच्या आत उरकलेलं बरं. पट्टदकलची देवळं एकाच कुंपणात, हिरवळीवर शेजारी शेजारी उभी आहेत आणि मोठ्या मंडपांच्या आत दुपारीही गारवा असतो. या क्रमाची किंमत एकच: विरूपाक्ष पूर्वाभिमुख असल्यामुळे त्याच्या दर्शनी बाजूवर दुपारी ऊन नसतं. समोरून फोटो हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

बदामीची चार लेणी या दिवसात कोंबू नका. पोहोचाल त्या दिवशी संध्याकाळी किंवा निघाल त्या दिवशी सकाळी ती वेगळी बघा. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा शके ५००चा, म्हणजे इ.स. ५७८चा शिलालेख आहे. या परिसरातल्या बांधकामांच्या काळाचा हिशेब करताना अभ्यासकांना त्याचा मोठा आधार होतो. घाईत त्याच्याकडे लक्षही जात नाही. आणि तिथली माकडं हातातली पिशवी ओढतात, खाण्याचं काही उघडं धरू नका.

ऐहोळे: सव्वासात ते साडेदहा

बदामीहून सव्वासहाला निघा. पहिलं काम दुर्ग मंदिराच्या आवारात. आवारात शिरताच समोरचं गोलाकार पाठीचं देऊळ सगळ्यांना खेचून घेतं, पण आधी लाड खान मंदिराकडे जा. नाव तिथे राहिलेल्या एका माणसावरून पडलं आहे, देवाशी त्याचा संबंध नाही.

लाड खानच्या बाहेर उभं राहून फक्त छप्पर बघा. उतरती दगडी फरशी, दोन टप्प्यांत. दोन फरश्या जिथे भिडतात तिथे त्या फटीवर वरून खालपर्यंत एक लांब दगडी पट्टी बसवली आहे. हुबेहूब लाकडी ओंडक्यासारखी. कोकणातल्या कौलारू घरात दोन नळ्यांच्या सांध्यावर तिसरी नळी पालथी घालतात, तोच हा हिशेब. पावसाचं पाणी सांध्यात न शिरता पट्टीच्या दोन्ही अंगांनी वाहून जातं. आत गेलात की मधोमध नंदी, त्याच्याभोवती चार खांब, त्याबाहेर बारा, आणि गाभारा मागच्या भिंतीला चिकटवलेला. देवळापेक्षा गावच्या चावडीची आठवण यावी अशी बांधणी. माथ्यावर मधोमध छोटी देवळी आहे. आतल्या दगडी शिडीवर चढू नका, पायऱ्या झिजलेल्या आहेत.

इथे बहुतेक वाटाडे सांगतात, 'हे सगळ्यात जुनं, कारण साधं आहे'. पूर्वी अभ्यासकही लाड खान पाचव्या शतकातलं मानत. आता ते सातव्या-आठव्या शतकातलं मानलं जातं, म्हणजे शिखरं चढवता येत असतानाही कारागिरांनी असं बिनशिखराचं छप्पर पसंत केलं होतं. साधं ते जुनं आणि नक्षीदार ते नवं हा नियम इथे चालत नाही. दिवसभर हे ध्यानात ठेवलंत तर बरेच गैरसमज टळतील.

आता दुर्ग मंदिर. 'दुर्ग' म्हणजे किल्ला. देवळाच्या माथ्यावर कधीकाळी तटबंदी उभारली होती, त्यावरून हे नाव आलं, दुर्गादेवीवरून नव्हे. आवारातल्या पडक्या प्रवेशद्वारावरच्या शिलालेखात आदित्याच्या मंदिराचा उल्लेख आहे, त्यामुळे हे मूळ सूर्यमंदिर असावं असा अभ्यासकांचा कल आहे. दारावरच्या पट्टीत गरुड दिसला की 'विष्णूचं देऊळ' असा निकाल देण्याची घाई इथे अंगाशी येते. या भागात गरुड दारावर सर्रास असतो, देव कुठलाही असो.

देवळाला गोल वळसा घालणारी खांबांची ओवरी आहे. डावीकडून शिरा, उजव्या हाताची भिंत सोडू नका आणि प्रदक्षिणेच्या दिशेनेच चाला. उलटं चाललात तर मूर्तींचा क्रम बिघडतो. देवकोष्ठांत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांत, ओळीने दिसतात: नंदीला टेकलेला शिव, नरसिंह, गरुडासह विष्णू, वराह, महिषासुरमर्दिनी आणि हरिहर. सकाळच्या तिरक्या उन्हात या मूर्तींना उठाव येतो. नऊनंतर ऊन वर चढतं आणि ओवरीतल्या मूर्ती सपाट दिसायला लागतात.

मग मागे सरका आणि माथा बघा. शिखर आहे, पण अर्धवट. वरचा भाग नाही. देवळाच्या बाजूला जमिनीवर खाचा पाडलेला एक मोठा, चपटा, गोल दगड पडलेला दिसेल. तो आमलक, म्हणजे उत्तरेच्या पद्धतीच्या शिखरावर कळसाखाली बसतो तो आवळ्याच्या आकाराचा दगड. शिखरावर असताना जो सुपारीएवढा दिसतो तो जवळून केवढा असतो हे कळायला ही जागा उत्तम. लोक त्यावर बसून फोटो काढतात. तुम्ही फक्त त्याच्या कडेच्या पाकळ्या मोजा.

आवारातलं संग्रहालय इतक्या सकाळी उघडत नाही, ते टेकडीवरून उतरल्यावर बघा, वीस मिनिटं पुरतात. लज्जागौरीची मूर्ती चुकवू नका. मुंबईच्या वाचकांसाठी एक जोड: ऐहोळेच्या देवळांतल्या छताच्या काही कोरीव शिळा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. इथली रिकामी छतं पाहून गेलात तर मुंबईत त्या शिळांकडे नव्याने बघाल.

पावणेनऊच्या सुमारास रावणफडी. देऊळ नव्हे, कातळात खोदलेलं लेणं, आणि आकाराने लहान. आत डाव्या अंगाच्या दालनात सप्तमातृकांसोबत नाचणारा शिव आहे. शिवाचा डोक्यावरचा उंच मुकुट आणि वस्त्राच्या बारीक समांतर चुण्या बघायच्या असतील तर बॅटरी समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. उजेड आडवा गेला की चुणी न् चुणी उठून दिसते. समोरून झोत मारला तर सगळं पांढरं होतं. ही युक्ती दिवसभर, विशेषतः शिलालेखांवर, उपयोगी पडते. शिलालेख नीट वाचता यावा म्हणून त्यावर खडू, पीठ किंवा पाणी लावणारे महाभाग अजूनही भेटतात. हा वालुकाश्म आहे. पाणी आत मुरतं, क्षार वर येतात आणि दगडाचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो.

शेवटी मेगुती टेकडी. चढ पंधरा-वीस मिनिटांचा. वाटेत कातळाला टेकलेली दुमजली बौद्ध वास्तू लागते, तिथे दम खा. माथ्यावरचं जैन मंदिर बघायला फारसं देखणं नाही, शिखरही उरलेलं नाही. तिथे जायचं ते पूर्वेच्या भिंतीवरच्या १९ ओळींच्या संस्कृत शिलालेखासाठी. शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४. कवी रविकीर्ती, राजा दुसरा पुलकेशी. याच लेखात पुलकेशीने हर्षाचा पराभव केल्याचं येतं, रविकीर्ती स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी करतो, आणि मराठी माणसाने थांबून वाचावं असं एक वाक्यही येतं: पुलकेशी ९९ हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चा स्वामी झाला. लिपी जुनी कन्नड असल्यामुळे आपल्याला ती वाचता येणार नाही. आधी छापील पाठ फोनमध्ये उतरवून घ्या, मग भिंतीसमोर उभं राहण्यात अर्थ आहे.

ऐहोळेत खाण्याची सोय जेमतेम. साडेदहाला निघताना गाडीत केळी, चिवडा, दशम्या असलं काही हवंच.

पट्टदकल: अकरा ते दोन

पट्टदकल म्हणजे राज्याभिषेकाचं ठिकाण. इथे मलप्रभा उत्तरवाहिनी आहे, आणि आपल्याकडे उत्तरवाहिनी नदीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९८७ साली हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आलं.

आत शिरल्यावर पहिल्या देवळात घुसू नका. हिरवळीवर अशा जागी उभे राहा जिथून एका नजरेत पाच-सहा शिखरं येतात, आणि त्यांचे दोन गट पाडा. खालपासून वरपर्यंत एकाच वळणदार रेषेत आत झुकत जाणारी, अंगावर उभे पट्टे असलेली आणि माथ्यावर आमलक असलेली ती उत्तरेच्या पद्धतीची: गळगनाथ, काडसिद्धेश्वर, जंबुलिंग, काशीविश्वनाथ. मजल्यावर मजला चढवलेली, प्रत्येक मजल्याभोवती छोट्या देवळ्यांची माळ असलेली आणि माथ्यावर घुमटीचा टोप असलेली ती दक्षिणेची: संगमेश्वर, विरूपाक्ष, मल्लिकार्जुन. दोन्ही पद्धती एवढ्या जवळजवळ उभ्या असलेली जागा सहसा सापडत नाही. मुलं सोबत असतील तर त्यांना हा खेळ लावून द्या, दहा मिनिटांत मोठ्यांपेक्षा अचूक ओळखतात.

गळगनाथपासून सुरुवात करा. पुढचा मंडप ढासळून गेला आहे, उरलं आहे ते गाभारा आणि त्यावरचं जवळजवळ अखंड शिखर. सकाळी जमिनीवर पाहिलेला आमलक इथे जागेवर बसलेला दिसतो. दक्षिण बाजूला अंधकासुराला त्रिशुळाने भेदणारा शिव आहे, तिथे वाकून बघावं लागतं.

मग संगमेश्वर. विजयादित्याने, म्हणजे ६९६ ते ७३३ या काळात राज्य केलेल्या राजाने, बांधवलेलं. काम पुरं झालं नाही, आणि म्हणूनच ते बघायचं. बाहेरच्या भिंतीवर काही मूर्ती नुसत्या ठोकळ्यात राहिल्या आहेत. आधी दगड रचला, मग जागेवर कोरलं, ही कामाची रीत त्यातून कळते. वर शुकनास नाही, म्हणजे शिखराच्या पुढच्या अंगाला अंतराळावर पुढे येणारा तो नाकासारखा भाग. हे डोक्यात ठेवून शेजारच्या विरूपाक्षकडे वळलात की शुकनास म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

विरूपाक्षला निदान पाऊण तास द्या. दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला, त्याप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने इ.स. ७४०च्या आसपास हे मंदिर उभारलं. तिची बहीण त्रैलोक्यमहादेवी हीही विक्रमादित्याचीच राणी, तिने शेजारी मल्लिकार्जुन बांधवलं. विरूपाक्षच्या शिलालेखात राजाराणीबरोबर स्थपतीचं नावही आहे: गुंड अनिवारिताचारी. एवढ्या जुन्या देवळात बांधणाऱ्याचं नाव मिळणं ही चैन आहे.

क्रम असा ठेवा. आधी नदीच्या बाजूला जाऊन पूर्वेच्या दारातून या, मूळ येण्याची वाट ती होती. नंदीमंडपातला काळ्या दगडाचा नंदी, मग पूर्वेचा मुखमंडप. इथे मान वर करा: छतावर सात घोड्यांच्या रथातला सूर्य. मग बाहेरून एक प्रदक्षिणा, जोत्याच्या थरांपासून वर नजर नेत. कैलास उचलणारा रावण आणि लिंगोद्भव शिव या मूर्ती शोधा. सगळ्यात शेवटी आत. सरळ आत गेलात तर अंधाराला सरावलेले डोळे बाहेर आल्यावर दिपतात आणि भिंती नीट बघितल्या जात नाहीत.

आतला मंडप अठरा खांबांचा. खांबांवर वीतभर उंचीच्या पट्ट्यांत रामायण-महाभारतातले प्रसंग कोरले आहेत. दुपारी जाळीदार खिडक्यांतून येणारे उजेडाचे कवडसे खांबांवर पडतात आणि सरकत जातात. एका खांबापाशी दहा मिनिटं बसलात तर जी आकृती आधी दिसत नव्हती ती कवडसा आल्यावर समोर येते. खांबांना हात लावू नका. तळहाताचं तेल बसून वालुकाश्म काळा, गुळगुळीत होतो. खांब कंबरेच्या उंचीला बघा, कुठवर हात पोहोचतात ते रंगावरून कळतं.

वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं वाटायला लागतं. चालुक्यांची सत्ता राष्ट्रकूटांकडे गेली आणि त्यांच्या कृष्णराजाच्या काळात वेरूळचा कातळ वरून खाली कोरला गेला, तेव्हा नजरेसमोर विरूपाक्षचा आराखडा होता. विरूपाक्षमागे कांचीचं कैलासनाथ. कांची, पट्टदकल, वेरूळ अशी ती मांडणी उत्तरेकडे सरकत आली.

भिंतीत मध्येच कोरे, नक्षी नसलेले फिकट दगड दिसतील. ती आळशी डागडुजी नव्हे. नवा दगड जुन्यासारखा कोरला तर पुढच्या पिढीला खरं-खोटं कळणार नाही, म्हणून तो मुद्दाम साधा ठेवतात.

पापनाथ थोडं दक्षिणेला, नदीकाठाने पाच मिनिटं चालत. थकलेली माणसं ते सोडून देतात, आणि माथ्यांच्या मागे लागलेल्याने नेमकं तेच सोडू नये. मंडप लांबच लांब, भिंतींवर दक्षिणी ढंगाच्या देवळ्या आणि माथ्यावर उत्तरेचं शिखर. शिखर देवळाच्या मानाने ठेंगणं वाटतं. वास्तू कबूल करते की जोड नीट जमलेली नाही. जमलेल्या देवळांपेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळतं.

दुपार आणि संध्याकाळ

जेवण बदामीच्या वाटेवर किंवा बदामीतल्या एखाद्या खानावळीत: ज्वारीची भाकरी, भरली वांगी म्हणजे तिथली एण्णेगाई, शेंगदाण्याची चटणी, दही. देवळांच्या नादात उशीर झाला तर खानावळीत भाकऱ्या संपतात आणि भातावर भागवावं लागतं, अडीचच्या आत पोहोचा.

महाकूट बदामीपासून सुमारे चौदा किलोमीटर. झाडीत लपलेलं, जिवंत पाण्याचं कुंड मधोमध, कुंडात पंचमुखी लिंगाची देवळी. गावातली पोरं पोहत असतात. इथे अर्धा तास पाय पाण्यात सोडून बसायचं, अभ्यास पुरे. इथला मंगलेशाचा कोरीव लेखाचा स्तंभ आता विजयपूरला गोलघुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आहे, सोलापूरकडे परतताना वाटेतच पडेल.

साडेचार-पाचला बदामीचं अगस्त्य तीर्थ. तळ्याच्या पूर्व टोकाला भूतनाथ मंदिर पाण्याला लागून उभं आहे, तोंड पश्चिमेला, म्हणजे मावळतीचं ऊन थेट दर्शनी बाजूवर. तळ्याच्या उत्तर काठाने संग्रहालयावरून पायवाट जाते. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी अर्धा तास तिथे असायला हवं. पलीकडच्या तांबड्या कड्याचं प्रतिबिंब पाण्यात उतरतं, बायका घाटावर धुणं आपटत असतात, आणि दगडाचा रंग दर पाच मिनिटांनी बदलतो. पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाण्याच्या अगदी कडेला फोटोसाठी जाऊ नका. परतताना बॅटरी हातात ठेवा, त्या पायवाटेवर दिवे नाहीत.